बोर्डिंगमधून काढलेल्या पोरानं गरिबांच्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं

सातारा-सांगलीत 'रयत'मध्ये शिकलेली माणसं घरोघरी सापडतात. पण ही संस्था उभी करणारे कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मात्र मॅट्रिकही झाले नव्हते.

जन्म १८८७ सालचा, कुंभोजचा. मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक. शिकायला ते कोल्हापूरला आले, जैन बोर्डिंगमध्ये राहिले. नवं शहर, नवे मित्र, कुस्तीचा नाद.

१९०८ मध्ये अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाचं उद्घाटन होतं. भाऊराव तिथे गेले. परतल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, असा हुकूम झाला. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं.

शिक्षणही अर्धवट राहिलं. मग साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे नांगर विकले. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली.

१९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघालं. इथे सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीत जेवायची. पैसे संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

ज्या पंगतीसाठी भाऊरावांना बाहेर काढलं, तीच पंगत त्यांनी साताऱ्यात मांडली.