विश्लेषण : सुगरणीचे घरटे नेमके कोण विणते? बेरोजगार सलीम अलींना किहीममध्ये काय गवसले?

सुबक खोपा विणणाऱ्या पक्ष्याला मराठीत ‘सुगरण’ म्हणतात. प्रत्यक्षात हे घरटे विणतो तो नर. या पक्ष्याच्या संसाराचा उलगडा डॉ. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीममध्ये केला. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते आणि हाताला काम नव्हते.

पक्ष्यांकडे कसे वळले?

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील घरी त्यांचा सांभाळ केला. एअरगनने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तेथे सचिव मिलार्ड यांनी पक्ष्यांचा संग्रहच त्यांच्यासमोर उघडला.

नोकरी का गेली?

ब्रह्मदेशातील कौटुंबिक व्यवसायात जम बसला नाही. विद्यापीठाची पदवी नसल्याने झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पद हुकले. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चरर म्हणून काम मिळाले. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेसमन यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले, तर निधीअभावी ते पदच रद्द झाले होते. मुंबईतला खर्च झेपेना, म्हणून पत्नी तहमिना यांच्यासह त्यांनी किहीम गाठले.

किहीममध्ये काय दिसले?

त्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणींची वसाहत रोज न्याहाळली. नर गवताच्या आणि पात्यांच्या पट्ट्यांनी घरटे अर्धवट विणून थांबतो. माद्या येऊन ते आतून तपासतात. एखादीने पसंत केले की जोडी जमते आणि नर नळीसह घरटे पूर्ण करतो. मादी अंडी उबवू लागते, तेव्हा नर जवळच दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत खोपे मात्र अर्धवटच लटकत राहतात.

या निरीक्षणाचे महत्त्व काय?

तोवर भारतात पक्षी अभ्यास म्हणजे प्रामुख्याने पक्षी मारणे, कातडी जपणे आणि जाती नोंदवणे असे. जिवंत पक्ष्याचे वर्तन दिवसेंदिवस पाहणे हेही शास्त्र आहे, हे या कामाने दाखवले. सोसायटीच्या जर्नलमध्ये ते प्रसिद्ध झाले.

पुढे काय झाले?

संस्थानांमधील पक्ष्यांच्या सर्वेक्षणाची कामे मिळू लागली. तहमिना सोबत असत. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. तो धक्का मोठा होता, पण काम थांबले नाही. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले, तर डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९८७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस हा महाराष्ट्रातील पक्षी सप्ताहाचा अखेरचा दिवस असतो.