लेस पॉल: रुळाच्या तुकड्यापासून आठ ट्रॅकपर्यंत

9 जून 2011 ला गूगलच्या पानावर नावाच्या जागी गिटारच्या तारा होत्या. माउस फिरवला की त्या वाजायच्या. जामनेरच्या सायबर कॅफेत बसून मी अर्धा तास तेवढंच करत होतो. तो लेस पॉलचा 96 वा जन्मदिवस होता. तोवर हे नाव मला फक्त एका महागड्या गिटारचं म्हणून माहीत होतं. आता वाटतं, त्या गिटारमुळेच त्याचं त्याहून मोठं काम झाकलं गेलं.

त्याचा जन्म 1915 चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावचा. पोरवयातच त्याचा टेलिफोन आणि रेडिओ खोलायचा उद्योग सुरू झाला. पोकळ गिटार मोठ्या आवाजात ऐकवायला गेलं की स्पीकरच्या आवाजाने तिचं खोकंच थरथरतं आणि शिटी वाजते. वरातीत माईक स्पीकरसमोर गेला की होतं, तेच. मग पोकळ खोकंच नको, म्हणून त्याने रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर तार ताणली आणि खाली टेलिफोनचा रिसीव्हर ठेवला. पीजेच्या, म्हणजे आमच्या पाचोरा-जामनेर छोट्या गाडीच्या, रुळाला कान लावून चाहूल घेणाऱ्यांना वाटेल, रूळ तर आवाज वाहून नेतो! पण एवढं जड लोखंड तारेच्या कंपनाने फारसं हलत नाही. तारेची ताकद तारेतच राहते, सूर लांबतो.

रूळ गळ्यात अडकवून कोण वाजवणार? म्हणून 1940 च्या सुमारास त्याने न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात लाकडाच्या भरीव ठोकळ्यावर तारा आणि पिकअप बसवले. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचं वेटोळं. पोलादी तार वर हलली की त्यात वीज निर्माण होते. आपल्याकडच्या बेंजोवाल्यांचा पिकअपही याच तत्त्वावर चालतो. ठोकळा दिसायला इतका विचित्र, की गिटारचे दोन अर्धे तुकडे त्याला दोन्ही बाजूंनी चिकटवावे लागले. गिब्सन कंपनीने आधी नकार दिला. 1952 मध्ये त्याच्या नावाची गिटार बाजारात आणली. तिची घडण मात्र बरीचशी कंपनीच्याच लोकांची होती. भरीव गिटारवर इतरही लोक काम करत होते, हे सांगायलाच हवं.

त्याआधी, 1948 च्या जानेवारीत, ओक्लाहोमात बर्फावरून गाडी घसरली आणि त्याच्या उजव्या हाताचा कोपर चक्काचूर झाला. सांधा परत जुळणार नव्हता. हात कायमचा एकाच कोनात बसणार, मग गिटार धरता येईल असाच बसवा, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. पुढची साठेक वर्षं तो त्याच हाताने वाजवत होता.

आता मुख्य गोष्ट. त्याच वर्षी आलेल्या ‘लव्हर’ या रेकॉर्डवर आठ गिटार ऐकू येतात आणि आठही त्याच्याच. एका तबकडीवरचं वाजवायचं, त्यासोबत आपण वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायचं. 1949 मध्ये गायक बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्सचं टेप मशीन दिलं. त्यात लेसने एक जास्तीचं हेड बसवलं. जुना आवाज पुसला जायच्या आत ते तो वाचायचं, नवा आवाज त्यात मिसळायचा आणि मिश्रण त्याच टेपवर परत उतरायचं. यात जीव टांगणीला लागायचा. दहाव्या थराला एक सूर चुकला की आधीचे नऊही गेले, ‘अनडू’ नाही! पत्नी मेरी फोर्डच्या आवाजाचे असेच थर चढवून केलेलं ‘हाऊ हाय द मून’ 1951 मध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. 1957 मध्ये अँपेक्सने त्याला आठ ट्रॅकचं मशीन बनवून दिलं आणि ही भीती संपली. प्रत्येक थर वेगळा. चुकलं तेवढंच पुसा. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंग ॲपमध्ये एकाखाली एक दिसणाऱ्या पट्ट्या त्या त्याच.

पुढे संधिवाताने बोटं आखडली, तरी न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबमध्ये तो दर सोमवारी वाजवायचा. 2009 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 94 व्या वर्षी, तो गेला.

पुढच्या जूनमध्ये, जन्मदिवसाच्या सुमारास, जेफ बेकने त्याच क्लबात त्याला मानवंदना दिली. मेरीची गाणी आयमेल्डा मेने गायली. जी गाणी त्या दोघांनी घरात बसून उभी केली होती, ती आता स्टेजवर वाजत होती.