कुर्ट हान : सीमा ओलांडणाऱ्या शाळेचा शिल्पकार

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या एका टेकडीवर १९९७ साली एक आगळेवेगळे महाविद्यालय सुरू झाले. अनेक देशांतील मुले-मुली तेथे एकत्र राहतात, शिकतात. महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज या संस्थेचे मूळ शोधत गेल्यास आपण जर्मनीतील एका ज्यू शिक्षकापाशी येऊन पोहोचतो. त्यांचे नाव कुर्ट हान.

हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिनमधील एका सधन घराण्यात झाला. ऐन तारुण्यात, १९०४ साली, त्यांना उष्माघाताचा तीव्र झटका आला. पुढे दीर्घकाळ अंधाऱ्या खोलीत पडून राहणे नशिबी आले. उन्हाचा त्रास तर जन्मभर सुटला नाही. मात्र त्या सक्तीच्या एकांतात प्लेटोच्या चिंतनातून त्यांच्या मनात एका नव्या शाळेची कल्पना आकार घेऊ लागली. दुबळेपण स्वतः भोगलेला हा माणूस पुढे प्रत्येक मुलात दडलेली शक्ती शोधत राहिला, यात नवल नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते जर्मन साम्राज्याचे अखेरचे चॅन्सेलर ठरलेले बाडेनचे राजपुत्र माक्स यांचे खासगी सचिव होते. पराभवाने खचलेल्या देशाला नवी पिढी घडविल्याखेरीज तरणोपाय नाही, याविषयी दोघांचे एकमत झाले आणि १९२० साली राजपुत्रांच्या झालेम येथील वाड्यात निवासी शाळा उभी राहिली. तेथे मुलामुलींचे शिक्षण एकत्र होई. उमरावांच्या मुलांशेजारी सामान्य घरांतील मुलेही बसत. श्रीमंतांच्या मुलांना त्यांच्या श्रीमंतीच्या ओझ्यातून सोडविणे हे हान शाळेचे कर्तव्य मानत. दिवसभरात नेमलेली कामे पार पडली की नाही, याची नोंद विद्यार्थ्याने स्वतःच ठेवायची, शिक्षकाने त्यावर विश्वास टाकायचा, अशी तेथील रीत होती.

या विश्वासाची कसोटी १९३२ साली लागली. पोटेम्पा या गावी नाझी पथकातील गुंडांनी एका कम्युनिस्ट कामगाराला त्याच्या आईदेखत मारहाण करून ठार केले. शिक्षा झालेल्या त्या खुन्यांची हिटलरने जाहीर पाठराखण केली. मुलांना न्यायबुद्धी शिकविणाऱ्याने अशा वेळी गप्प कसे बसावे? हान यांनी माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून झालेम आणि हिटलर यांपैकी एकाची निवड करण्याचे आवाहन केले. मार्च १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली. पण मायदेश सोडावा लागला.

स्कॉटलंडमध्ये १९३४ साली त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा काढली. पुढे ब्रिटनच्या राणीचे पती झालेले प्रिन्स फिलिप हे तेथील आरंभीचे विद्यार्थी. किनारारक्षण, अग्निशमन अशा सेवांत भाग घेऊन दुसऱ्याचा जीव वाचविण्याचे शिक्षण तेथे मुलांना मिळे. १९४१ साली जहाज व्यावसायिक लॉरेन्स होल्ट यांच्या साह्याने वेल्समधील अबरडोव्ही येथे साहस-शिक्षणाची ‘आउटवर्ड बाउंड’ संस्था सुरू झाली.

युद्धानंतर हान यांच्या मनात आणखी मोठा विचार घोळू लागला. कालचे शत्रू असलेल्या देशांचे लष्करी अधिकारी ‘नाटो’च्या पॅरिसमधील महाविद्यालयात एकत्र शिकत होते. अधिकारी एकत्र बसू शकतात, तर कोवळ्या वयाची मुले का नाहीत? या प्रश्नातून १९६२ साली वेल्समधील सेंट डोनट्सच्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले. पौडचे महाविद्यालय हे याच कुळातले.

हान यांचे चरित्र येथे थांबविणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९५३ साली त्यांनी गॉर्डनस्टनचे मुख्याध्यापकपद सोडले. त्यानंतरच्या दशकात तेथे शिकलेले प्रिन्स चार्ल्स, आजचे ब्रिटनचे राजे, यांना सहाध्यायांकडून बराच छळ सोसावा लागला. हे दुःख एकट्या राजपुत्राचे नव्हते. या शाळेत अनेक मुलांवर अत्याचार झाले आणि त्यांचे रक्षण करण्यात शाळा अपयशी ठरली, असा निष्कर्ष स्कॉटलंडच्या बालक अत्याचार चौकशी आयोगाने २०२४ साली काढला. थोरल्या मुलांवर धाकट्यांची जबाबदारी सोपविणे हा हान यांच्या पद्धतीचा कणा होता. त्या थोरल्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारे कोणी उरले नाही, तर जबाबदारीची सत्ता होते आणि सत्तेचा जाच होतो. संस्थापकाची पुण्याई वसतिगृहातील रात्रीचा पहारा करू शकत नाही.

१४ डिसेंबर १९७४ रोजी झालेमच्या परिसरातच हान यांचे निधन झाले. आज आपल्याकडेही गावोगावी ‘इंटरनॅशनल’ नावाच्या शाळांच्या पाट्या झळकत आहेत. त्यांच्या चालकांनी आणि पालकांनी हान यांच्या आयुष्याचे हे दोन्ही धडे एकत्र वाचावेत. मुलावर विश्वास टाकावा, त्याला परक्याशी मैत्री करू द्यावी, वादळात होडी घालू द्यावी. पण त्याची तक्रार ऐकून घेणारा, त्यावर विश्वास ठेवणारा एक तरी मोठा माणूस त्याच्या हाकेच्या अंतरावर असलाच पाहिजे.