नाशिकमध्ये गोळी, पिस्तूल बेल्जियमचं? अनंत कान्हेरेंची गोष्ट

पिस्तूल कुठल्या देशात बनलं, याने घेणाऱ्याला फरक पडतो का?

१८९२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले अनंत कान्हेरे औरंगाबादेत शिकत होते. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये त्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. हातात होतं ब्राउनिंग. डिझाइन अमेरिकन, पण ही पिस्तुलं बनायची बेल्जियममध्ये.

१८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र ठेवता येत नसे. त्यामुळे क्रांतिकारकांना देश निवडायची मुभाच नव्हती. पिस्तूल लपवून आणता येणं महत्त्वाचं. लंडनहून सावरकरांनी अशी २० ब्राउनिंग पाठवली होती.

तपासातही कारखान्यापेक्षा पाठवणारा महत्त्वाचा ठरला. सावरकरांना जन्मठेप झाली. कान्हेरेंना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. वय अवघं १८.