नौकाशिल्पी लवजी नसरवानजी वाडिया

डभोईच्या हिरा भागोळीशी हिराधर नावाच्या शिल्पकाराची आख्यायिका निगडित आहे. वास्तूबरोबर तिच्या कारागिराचे स्मरण ठेवण्याची रीत या गावाला नवी नाही. परंतु दगड शतकानुशतके उभा राहतो; लाकडी जहाज लाटांवर झिजते आणि बहुधा त्याच्याबरोबर बांधणाऱ्याचे नावही विस्मृतीत जाते. याला अपवाद ठरलेले गुजरातचे सुपुत्र म्हणजे लवजी नसरवानजी वाडिया होत.

लवजींचा जन्म इ. स. १७०२ च्या सुमारास सुरतेस एका पारशी कुटुंबात झाला. तापीकाठी जहाजबांधणीचे काम करीत ते मुकादमपदास पोहोचले. एका जहाजाच्या बांधणीसाठी सुरतेस आलेल्या इंग्रज कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नजरेत त्यांचे कौशल्य भरले आणि इ. स. १७३६ मध्ये काही निवडक सुतारांसह ते मुंबईस आले. तेथे त्यांच्यावर प्रथम सोपविलेल्या कामांपैकी एक होते उत्तरेकडील जंगलांतून सागवान मिळविण्याचे.

या सागवानातच मुंबईच्या जहाजांचे सामर्थ्य होते. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेल मात्र त्यांना जपते. जहाजाचा कणा म्हणजे पठाण बसविताना त्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी वाडियांच्या जहाजवाड्यात होत असे. मग बाजूच्या फासळ्या उभ्या राहत, त्यांवर फळ्या चढत, आणि कापूस व राळ यांनी सांधे बुजविले जात. फळीचा सांधा किती घट्ट बसला, हे अनुभवी हातालाच कळे.

इ. स. १७५० मध्ये मुंबईत बांधून पूर्ण झालेली कोरडी गोदी आशियातील पहिली मानली जाते. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावे, ओहोटीबरोबर पाणी उतरले की दरवाजे लावून तळाचे काम करावे आणि काम संपल्यावर पुन्हा भरतीच्या पाण्यावर ते तरंगत बाहेर काढावे, अशी ही योजना होती. मुंबईच्या समुद्रातील भरती-ओहोटीचा मोठा फरक येथे कामी आला. इ. स. १७६५ पर्यंत आणखी दोन गोद्या तीस जोडल्या गेल्या.

मराठी वाचकाने या चरित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कंपनीच्या आरमाराची डागडुजी याच मुंबई बंदरात होत असे. इ. स. १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या साहाय्याने तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम काढली आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. स्वदेशी हातांचे कसब परकीय सत्तेच्या सेवेस लागले, ही खंत लवजींच्या थोरवीबरोबर मनात राहतेच.

परंतु आपली विद्या वारसांना देताना त्यांनी कोणतीही सवलत ठेवली नाही. इ. स. १७७१ च्या सुमारास त्यांनी फ्रामजी माणेकजी व जमशेटजी बमनजी या नातवांना गोदीत आणले, तेव्हा दरमहा १२ रुपयांवर साध्या सुताराचे काम त्यांना करावे लागले. हाताला घट्टे पडल्यावाचून अधिकार नाही, हाच त्या घराचा दंडक होता. इ. स. १७७४ मध्ये लवजी वारले, तेव्हा एक घर, थोडकी रक्कम आणि निष्कलंक नाव एवढीच त्यांची शिल्लक होती.

त्या शिल्लकीचे मोल पुढे कळले. नातू जमशेटजींनी इ. स. १८१० मध्ये 'मिंडेन' ही युद्धनौका ब्रिटिश आरमारासाठी समुद्रात उतरविली. इ. स. १८१७ मध्ये मुंबईत जलावतरण झालेली, मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. सुरतेच्या एका सुताराची विद्या ग्रंथात न उतरता पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेली. अशा विद्या ज्या हातांनी जपल्या, त्यांची नावे तरी ग्रंथालयांच्या कपाटांत सुरक्षित राहावीत, एवढे ऋण आपण सर्वांनी मानले पाहिजे.