निकोलस ऑटो

इ. स. १८६७ मध्ये पॅरिस येथे एक भव्य जागतिक प्रदर्शन भरले होते. वायूवर चालणारी अनेक एंजिने तेथे मांडलेली होती. त्यांपैकी एक जर्मनीतील कोलोन शहराच्या एका लहानशा कारखान्यातून आले होते. उंच खांबासारखे दिसणारे ते यंत्र चालू होताच एवढा खडखडाट करी, की परीक्षकांचे त्याच्याविषयी मुळीच चांगले मत होईना. परंतु परीक्षकांतील एका जाणत्या प्राध्यापकाने असा आग्रह धरला, की प्रत्येक एंजिन किती वायू जाळते हे मोजून पाहावे. मोजमाप झाले आणि सर्व जण थक्क झाले. इतर एंजिनांना लागणाऱ्या वायूच्या निम्म्याहूनही कमी वायूत हे एंजिन तेवढेच काम करीत होते! सुवर्णपदक त्यालाच मिळाले. या एंजिनाचा जनक निकोलस ऑटो हा होय.

ऑटोचा जन्म १८३२ साली होल्झहाउझेन नावाच्या एका जर्मन खेड्यात झाला. त्याच वर्षी त्याचे वडील वारले. शाळेत तो हुशार होता. तथापि यंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण त्याच्या वाट्याला आले नाही. त्याने दुकानात उमेदवारी केली आणि पुढे चहा, साखर यांसारखा किराणा माल विकत तो गावोगाव हिंडू लागला.

त्या काळी कारखाने वाफेच्या एंजिनावर चालत. त्यासाठी मोठा बॉयलर, कोळशाचा साठा आणि भट्टीवर सतत लक्ष ठेवणारा माणूस लागे. धनिक गिरणीमालकास हे सर्व परवडे. परंतु चार-दोन माणसांच्या छोट्या कारखान्यातील कारागिराने काय करावे? त्याला हातापायांच्या बळावरच राबावे लागे. १८६० साली फ्रान्समध्ये लेन्वार नावाच्या संशोधकाने वायूवर चालणारे एंजिन तयार केले. ही वार्ता ऑटोच्या कानी आली आणि त्याला जणू ध्यासच लागला. दिवे लावण्यासाठी दगडी कोळशाच्या वायूचे नळ शहरांतून आधीच पोहोचले होते. त्याच वायूवर लहान एंजिन स्वस्तात चालविता आले, तर?

ऑटोने एका कारागिराकडून एंजिन करवून घेतले. वायू आधी दाबावा व मग पेटवावा, ही कल्पनाही त्याने तेव्हाच अजमावून पाहिली. परंतु पेटणाऱ्या वायूचे धक्के एवढे प्रचंड होते, की ते यंत्र टिकले नाही. शिल्लक पैसाही संपत आला. अशा वेळी ऑयगेन लांगेन हा शिकलेला यंत्रज्ञ त्याच्या मदतीस आला. १८६४ साली दोघांनी भागीदारीत कारखाना काढला. अशी एंजिने बनविणारा तो जगातील पहिलाच कारखाना मानला जातो. तीनच वर्षांनी पॅरिसचे सुवर्णपदक मिळाले आणि एंजिनास मागणी येऊ लागली.

तरीही ऑटोचे समाधान झाले नाही. त्या एंजिनाची शक्ती तीन अश्वशक्तीच्या पलीकडे जात नव्हती आणि त्यासाठी उंच छपराची जागा लागे. मग तो आपल्या जुन्या फसलेल्या प्रयोगाकडे वळला. १८७६ साली, पंधरा वर्षांच्या चिकाटीनंतर, तो यशस्वी झाला. या एंजिनात दट्ट्या एका फेरीत वायू व हवा आत ओढून घेतो, दुसरीत ते मिश्रण दाबतो, तिसरीत पेटलेल्या मिश्रणाच्या जोराने ढकलला जातो आणि चौथीत जळका वायू बाहेर घालवितो. हे एंजिन आकाराने आटोपशीर होते आणि त्याचा आवाजही कमी होता. छापखाने, सुतारशाळा, पाण्याचे पंप त्यावर चालू लागले. इतकेच नव्हे, तर त्याला विद्युत्जनित्र जोडून लोक आपल्या जागीच वीज निर्माण करू लागले.

परंतु यशाबरोबर कलहही आला. प्रतिस्पर्धी कारखानदारांनी एक जुनी फ्रेंच पुस्तिका शोधून काढली. बो द रोशास नावाच्या गृहस्थाने १८६२ साली या चार फेऱ्यांची कल्पना तीत मांडली होती. त्याने एंजिन मात्र कधीच बनविले नव्हते. तरीही १८८६ साली जर्मनीतील न्यायालयाने ऑटोचे एकस्व रद्द केले आणि ते एंजिन बनविण्यास सर्वांना मोकळीक मिळाली. ऑटोच्या मनाला हा घाव फार लागला. १८९१ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो निवर्तला.

न्यायालयाने एकस्व काढून घेतले; परंतु ऑटोचे काम कोणालाही पुसता आले नाही. आज रस्त्यावरून धावणारी बहुतेक मोटार, वीज गेल्यावर दुकानापुढे धडधडणारे जनित्र, शेतातील विहिरीवर पाणी उपसणारे एंजिन, ही सारी त्याच चार फेऱ्यांवर चालतात. कल्पना अनेकांना सुचते. ती कष्टाने प्रत्यक्षात आणून सामान्य माणसाच्या हाती देणारा मात्र विरळा असतो.