माधव महाराजांची आगगाडी

ग्वाल्हेरचे श्रीमंत माधवराव महाराज शिंदे यांचे नाव निघाले की बाहेरगावच्या पाहुण्यांना जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी आठवते. ते ती पाहतात, कौतुकाने हसतात आणि पुढच्या दालनात जातात. आम्हां ग्वाल्हेरकरांना मात्र तेवढ्यावर थांबवत नाही. कारण त्याच हौसेतून जन्मलेली खरी आगगाडी आमच्या डोळ्यांदेखत बंद पडली.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. १८८६ साली वडील जयाजीराव महाराज निवर्तले, तेव्हा त्यांना दहावे वर्षही पुरे झाले नव्हते. कारभार मंडळाच्या हाती गेला आणि १८९४ मध्ये, अठराव्या वर्षी, राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्याकडे आली. जयाजीरावांनी आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला मोठी रक्कम कर्जाऊ दिली होती. वडिलांनी रेल्वेला पैसा दिला, मुलाने जीवच लावला. यंत्रांचे त्यांना विलक्षण वेड होते आणि इंजिन स्वतः चालवण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

मेजवानीच्या टेबलावर त्यांनी चिमुकले रूळ टाकून घेतले. विजेवर चालणारी गाडी मद्याच्या काचपात्रांसह पाहुण्यांपुढून फिरे. कोणी पात्र उचलले की गाडी आपोआप थांबे, परत ठेवले की चालू लागे. खेळणे खरे, पण त्यात रचना होती, हिशेब होता.

हाच हिशेब राजवाड्याबाहेर आला. राजवाड्याच्या परिसरात हौसेने टाकलेला दोन फुटी मार्ग वाढत वाढत संस्थानाची रेल्वे झाला. माथेरानच्या गाडीने ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना या रुळांची रुंदी लगेच ध्यानात येईल. दोन्हींचे माप एकच. एक फाटा भिंडकडे गेला, दुसरा शिवपुरीकडे, आणि तिसरा सबलगढवरून १९०९ मध्ये श्योपूरला पोचला. हा शेवटचा मार्ग जवळजवळ २०० किलोमीटरचा. ज्या गावांना मोठी रेल्वे कधी विचारणार नव्हती, त्यांच्या दारात ही छोटी गाडी उभी राहिली.

तिच्या खिडकीतून ऋतू दिसत. उन्हाळ्यात रखरखीत माळ आणि धूळ, पावसाळ्यात तीच जमीन हिरवीगार, थंडीत धुके. शिवपुरी ही संस्थानाची उन्हाळी राजधानी. तिथली तळी आणि दाट रान महाराजांना फार प्रिय होते.

त्यांची दृष्टी रुळांपुरती नव्हती. १९०५ मध्ये त्यांनी सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा आजही भरतो. पंडित भातखंडे यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय उभे राहिले. टाटांच्या पोलाद कारखान्याला भांडवलाची चणचण भासली, तेव्हा ४ लाख पौंडांचे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्रजांशी त्यांची निष्ठा पक्की होती. १९०० मध्ये चीनच्या मोहिमेसाठी त्यांनी रुग्णालय-जहाज दिले, पुढे आपल्या मुलांच्या नावांना जॉर्ज आणि मेरी ही राजा-राणीची नावे जोडली. महादजींच्या वंशजाने असे वागावे, हे काहींना तेव्हाही खटकले असेल, आम्हांलाही खटकते. तरीही त्यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. शिवपुरीत मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोरच त्यांची छत्री आहे.

रेल्वे त्यांच्यामागे बरीच वर्षे टिकली. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली. भिंड आणि शिवपुरीला पुढे रुंद रूळ आले. श्योपूरची गाडी मात्र टपावर माणसे घेऊन रडतखडत धावत राहिली आणि २०२० मध्ये थांबली. रुंद मार्ग हवाच होता. आजाऱ्याला दवाखान्यात नेणाऱ्याला जुन्या गाडीचे कौतुक परवडत नाही. पण जुने जाताना त्याची आठवण तरी नीट ठेवावी, एवढे आपल्या हातात आहे.

गणपतीच्या आरासीत कापसाचे ढग, गेरूचे डोंगर आणि बोगद्यातून फिरणारी खेळण्यातली गाडी अनेक घरांत असते. यंदा ती मांडताना मुलांना ही गोष्ट सांगावी. आणि कोणाच्या ट्रंकेत छोट्या गाडीचे तिकीट, वेळापत्रक किंवा छायाचित्र असेल, तर त्यामागे साल आणि ठिकाण लिहून ठेवावे. आज सांगणारे वडीलधारे घरात आहेत, तोवरच हे होण्यासारखे आहे.